दुसऱ्याच्या हातची आंघोळ

एकाहत्तराव्या वर्षी, ऐन एप्रिलमध्ये, कूलरमध्ये पाणी भरताना पाइप माझ्या पायात आला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे हात भिजवायचा नाही, वजन उचलायचं नाही, एकटीनं आंघोळ करायची नाही. पहिल्या दोन गोष्टींना मी मान हलवली. तिसरी मला ऐकूच आली नाही असं मी ठरवलं.

मी राहते ती जागा वर्ध्याच्या कडेला आहे. तिला वृद्धाश्रम म्हटलं की आमचे व्यवस्थापक नाराज होतात. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वतःचा ओटा, स्वतःची किल्ली. चहा आपला आपण करायचा, हवा तेव्हा करायचा. आणि वय झालं, हातपाय चालेनात, तर आंघोळीला, कपडे घालायला, औषध द्यायला सेविका येतात. मी चार वर्षांपूर्वी इथं आले तेव्हा हे शेवटचं वाक्य वाचलं होतं, पण ते इतरांसाठी लिहिलंय अशी माझी समजूत होती. मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. वर्गात शिरले की पंखेसुद्धा हळू फिरत. अशा बाईला कुणी आंघोळ घालणार, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सेविका दारात उभी. चाळिशीची असेल, मूळची हिंगणीकडची, अंगानं काटक, बोलणं संथ. माझ्या उजव्या हाताला तिनं प्लास्टिकची पिशवी बांधली, वर रबरबँड लावला. खोलीबाहेर, गॅलरीतल्या माझ्या न्हाणीघरात चटई टाकली, स्टूल ठेवलं, ते हलवून पाहिलं, स्वतः त्यावर बसून पाहिलं. बादलीत कोपर बुडवून पाणी तपासलं. मी हे सगळं गाऊन घालून बघत उभी होते.

ती म्हणाली, गाऊन काढावा लागेल. मी म्हटलं, नाही काढणार. तिनं वाद घातला नाही. त्या दिवशी माझी आंघोळ गाऊनसकट झाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. ती पाणी टाकायच्या आधी दर वेळी सांगायची, आता खांद्यावर टाकून राह्यली, आता पाठीवर. मला ते ऐकूनही राग यायचा. पाणी कुठं पडतंय ते मला कळत नाही का? पण खरं सांगायचं तर राग तिचा नव्हताच. भिजलेला गाऊन अंगाला चिकटल्यावर माणूस काही न घातल्याहून जास्त उघडं दिसतं, हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि ते तिच्याही लक्षात आलं असणार.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की आज एकटीनं करायचं. मी तिला म्हटलं, तू बाहेर उभी राहा. ती म्हणाली, आमाले एकटं सोडाची परवानगी नाई जी. मग मी माझा वर्गातला आवाज काढला. तो आवाज काढला की मोठमोठी माणसं बाहेर जातात, हा माझा अनुभव आहे. ती दाराबाहेर गेली. पण तिचे पाय दाराखालच्या फटीतून दिसत होते, आणि तेही मला नको होते. म्हणून मी आतून म्हटलं, माझा चष्मा खोलीत राहिलाय, तेवढा आण.

चष्मा खोलीत नव्हता. तो माझ्या गाऊनच्या खिशात होता आणि मला ते माहीत होतं.

तिचे पाय गेले. मी कडी लावली, गाऊन काढून खुंटीवर टाकला आणि डाव्या हातानं आंघोळ सुरू केली. साबण लावेपर्यंत मी खूश होते. डाव्या हातानं डावी काख धुता येत नाही, हे शोधलं आणि सोडून दिलं. मग बादली पुन्हा भरायला सोडलेला नळ बंद करायला उठले. चटईची कड साबणाच्या पाण्यानं बुळबुळीत झाली होती. पुढचं मला आठवतं ते असं, की मी फरशीवर आहे, बादली माझ्या पोटऱ्यांवर आडवी आहे आणि उजव्या हाताची पिशवी निघून प्लास्टर पाण्यात आहे.

बाहेर पावलं धावत आली.

"मॅडम, पडल्या का जी?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग आवाज कायचा आला?"

"बादलीचा."

तिची सावली फटीशी वाकली. मग म्हणाली, "बादली कण्हत नाई, मॅडम."

तिनं दार ढकलून पाहिलं. मी उठायला लागले तेव्हा स्टूल सरकल्याचा आवाज झाला असावा, कारण तिचा आवाज एकदम करडा झाला. तो मी आधी ऐकला नव्हता.

"उठाचं नाई. आदी सांगा, डोक्याले लागलं का? पाय हालवून पाहा. दोनी."

पाय हलत होते. डोकं ठीक होतं. कंबरेच्या बाजूला कळ होती. मी एकेक सांगत गेले, वर्गात उभी केलेली मुलगी उत्तर देते तसं. तिनं पुढचं सांगितलं. स्टूल धरायचं नाही, ते घसरतं. नळाला लोंबकळायचं नाही. भिंतीला पाठ लावून बसायचं, दम घ्यायचा, मग बसल्या बसल्या दाराकडे सरकायचं. मी सरकले. न्हाणीघर एवढंसं, पण दार किती लांब असतं ते मला तेव्हा कळलं. ती बाहेरून बोलत राहिली, सारखी, एका सुरात. किती सरकलात, आता थांबा, आता परत. मध्येच मला रडू आलं. ते तिला ऐकू गेलं असेल. ती म्हणाली की घाई नाही, ती कुठं जात नाही.

गुडघ्यांवर उभी राहून मी कडी काढली. दार तिनं एका माणसापुरतंच उघडलं, आत आली, आधी मला टॉवेलात गुंडाळलं आणि मगच व्हीलचेअरसाठी हाक मारली. तोपर्यंत गॅलरीत तीन आजोबा जमले होते. त्यांना शेजारच्या खोलीतल्या आजींनी हाकललं. "काय पाहून राह्यले, सर्कस आये का इथं?" एवढंच मला ऐकू आलं.

या आजी रोहण्याच्या. ऐंशी उलटलेल्या. माझ्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठ्या, पण इथले सगळे त्यांना आजी म्हणतात म्हणून मीही म्हणते. जन्मभर वावरात भाजी काढली आणि आर्वीच्या बाजारात विकली. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, म्हणून इथं आल्या. सगळ्यांना 'तू' म्हणतात, व्यवस्थापकांनासुद्धा. मला मास्तरीनबाई म्हणतात.

हाड नव्यानं काही मोडलं नव्हतं. प्लास्टर बदललं, कंबरेला जांभळा डाग पडला, तेवढ्यावर निभावलं. संध्याकाळी नागपूरहून माझी भाची आली. ती खूप चिडली. पेशंटला न्हाणीघरात एकटं सोडून बाई जाते कुठं, असं तिनं व्यवस्थापकांना माझ्यासमोर विचारलं. व्यवस्थापक निवृत्त बँकवाले, स्वभावानं मऊ, पण कागदाचे पक्के. त्यांनी सेविकेला बोलावून विचारलं, तू गेली होतीस का? ती म्हणाली, "हाव, गेलती." का गेली ते तिनं सांगितलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पलंगावर पडल्या पडल्या छताकडे पाहत राहिले.

मी खोटं बोलले नाही. पण खरंही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की तिला आंघोळीच्या कामावरून काढून धुलाईत टाकलंय. त्याच दिवशी दुपारी माझा गाऊन धुऊन, घडी घालून आला. गाऊनवर माझा चष्मा ठेवलेला होता, पुसून, दोन्ही काड्या मिटून. ती आणून ठेवून गेली. तो चष्मा डोळ्याला लावायला मला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही.

आता माझ्याकडे दुसरी सेविका येऊ लागली. ती वाईट नव्हती. वयानं लहान, हसरी, पण तिच्याकडे आता दोघींच्या खोल्या आल्या होत्या. माझा नंबर कधी नऊला लागायचा, कधी अकराला, आणि एक दिवस साडेबारा वाजले. तोवर मे उजाडला होता. वर्ध्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कसं असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात चहापत्ती टाकली तर रंग येईल. तिनं नळ सोडला, बादली भरली आणि फोनवर कुणाशी तरी बोलत, फोन खांद्यावर मानेत धरून, पहिला मग माझ्या पाठीवर ओतला.

मी ओरडले. ती इतकी घाबरली की फोन बादलीत पडला. खांद्यामागे तळहाताएवढी लाल जागा उठली, फोड काही आले नाहीत. ती माफी मागत होती, मी तिला गप्प बस म्हणत होते, आणि मधेच माझ्या डोक्यात आलं, पहिल्या सेविकेच्या वेळी पाणी कधीच असं नव्हतं. ते कसं? सकाळी सहाला यायची म्हणून? विचारल्यावर या नवीन मुलीनं सांगितलं, की ती बाई रोज संध्याकाळी प्रत्येक न्हाणीघरातली बादली भरून झाकून ठेवून जायची. रात्रभरात पाणी निवायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती धुलाईत गेली तसं ते बंद झालं. मी त्या झाकलेल्या बादलीशेजारी तीन दिवस उभी राहिले होते आणि मला ती दिसली नव्हती.

त्याच आठवड्यात रोहण्याच्या आजींच्या खोलीत मी बसायला गेले, तर खोलीला वास येत होता. आजी नेटक्या बाई, कपाळावर कुंकू नेहमी गोल. मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, आठ दिवस झाले, आंघोळ नाही. ओल्या फडक्यानं पुसून घेते. का, तर ही नवीन पोरगी मागून पाणी टाकते.

"मांगून पानी आलं का मले वाटते कोनी ढकललं," त्या म्हणाल्या. "थे पह्यली बाई पह्यला गडू माह्याच हातात द्याची. म्हने, आजी, तुमी सुरू करा, मंग मी हाव. तिले काऊन काढलं वो?"

मी तिथं ते सगळं सांगून टाकलं. चष्म्याचं, कडीचं, छताकडे पाहत राहिल्याचं. आजी ऐकत होत्या आणि पोळपाटावरचं पीठ पुसत होत्या. मला वाटलं, आता या मला बोलतील, किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"मंग जाऊन सांग," त्या म्हणाल्या. "हात मोडला तुहा. तोंड तं नाई मोडलं."

मी तशीच उठून व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं. मग म्हणाले की तरीही नियम नियम आहे, सेविकेनं जायला नको होतं. मी म्हटलं, बरोबर, पण त्या कागदावर आधी माझं लिहा. मी कडी लावली, मी तिला खोटं सांगून पाठवलं, हे पहिलं, आणि ती गेली हे दुसरं. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, तुम्हीच लिहा. मी डाव्या हातानं लिहिलं. पाच ओळींना अर्धा तास लागला आणि अक्षर पहिलीतल्या मुलाचं आलं. खाली सही केली, तीही वेगळीच दिसली. भाचीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, यासाठी तू मुलींना वर्गाबाहेर उभं करायचीस." मी हो म्हटलं.

सेविका गच्चीवर चादरी वाळत घालत होती. गच्ची तापलेली, ती ओल्या चादरीच्या सावलीत उभी राहून पुढची चादर झटकत होती. मी जिने चढून आले हे पाहून ती आधी माझ्यावरच रागावली, की एका हातानं कठडा धरून जिना कशाला चढलात. मी तिला सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"मले तं दुसऱ्याच दिवशी समजलं," ती म्हणाली. "गाऊन धुवाले घेतला, खिशात चष्मा भेटला."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुमी सांगसान म्हून वाट पाहून राह्यली होती." तिनं चादरीची दोन टोकं जुळवली, चिमटे लावले. "लय दिवस लावले, मॅडम."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजवर म्हटलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. चादरी संपल्यावर तिनं रिकामी टोपली उचलली आणि म्हणाली, की ती पुन्हा आंघोळीच्या कामावर आली तर दोन गोष्टी. मी कडी लावायची नाही, आणि तिला कुठं पाठवायचं नाही. वर्गातला आवाज काढला तरी ती हलणार नाही. मी विचारलं, आणि माझ्या लाजेचं काय? तिनं जरा विचार केला. "तिचं पाहू आपन," ती म्हणाली.

आणि तिनं खरंच पाहिलं. पुढच्या सोमवारी ती परत आली, तेव्हा तिच्या हातात एका जुन्या सुती लुगड्याचा धुवट तुकडा होता, गुडघ्यापर्यंत पुरेल एवढा. तो मानेपासून अंगावर घ्यायचा. पाणी वरून टाकायचं, हात खालून न्यायचा. जे मला डाव्या हातानं जमतं ते मी करायचं, तेवढा वेळ ती खिडकीकडे तोंड करून उभी राहणार, पण एक हात मागे माझ्या दंडाला लावून. जे जमत नाही तेवढंच ती करणार. मधल्या दिवसांत त्या लहान सेविकेला मी काखेला हात लावू दिला नव्हता; त्या पहिल्या दिवशी माझी डावी काख तीन आठवड्यांनंतर स्वच्छ झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला चहा पाजला, आणि तो तिनं माझ्याच पलंगावर बसून प्यायला.

आता व्यवस्थापकांनी एक काम माझ्याकडे दिलं. त्यांना कागद आवडतात. ते म्हणाले, एका सेविकेच्या डोक्यात जे आहे ते ती रजेवर गेली की जातं, तर ते लिहून ठेवा. मी वही घेऊन खोली-खोली फिरले. कुणाला आंघोळ कशी हवी, ते प्रत्येकाला विचारायचं आणि कार्डावर लिहून न्हाणीघराच्या दारामागे लावायचं. असं आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसायचं. निवृत्त तलाठ्यांनी सांगितलं, डोक्यावर पाणी सगळ्यात शेवटी. एक बाई म्हणाल्या, डाव्या गुडघ्याला हात लावण्यापूर्वी सांगा. ज्या तीन आजोबांना गॅलरीतून हाकललं होतं त्यातल्या एकांनी लिहायला लावलं, की आंघोळीच्या वेळी राजकारण बोलू नये, बीपी वाढतं. मी लिहिलं. रोहण्याच्या आजींनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिला गडू माझ्या हातात, आणि समोरून या. मग थोड्या वेळानं मला परत बोलावून तिसरी सांगितली, की पाठ जरा जोरात घासा, ही नवी पोरगी मांजर कुरवाळल्यासारखी घासते.

आतल्या कड्या निघाल्या. त्यांच्या जागी बाहेरून उघडेल असं कुलूप आलं आणि 'आत कुणीतरी आहे' अशी फिरवायची पाटी आली. भिंतीला धरायला दांडे बसले. दुपारी बारानंतर टाकीच्या पाण्यानं आंघोळ नाही, हे मोठ्या अक्षरात लागलं. नवीन सेविकेच्या खोल्या कमी झाल्या, आणि फोन तिनं स्वतःहून बाहेर ठेवायला सुरुवात केली. बादलीत पडल्यापासून तो तसाही नीट चालत नव्हता.

जूनमध्ये माझं प्लास्टर निघालं. हात बारीक, पांढरा, कुणा दुसऱ्याचा वाटत होता. पण मूठ वळत होती, पाण्याचा मग उचलत होती. मी स्वतःची आंघोळ स्वतः करू लागले, कडी नसलेल्या दाराआड.

पावसाळ्यात दोन नवीन मुली कामाला आल्या. त्यांना शिकवायचं काम माझ्या पहिल्या सेविकेकडे, हिंगणीच्या बाईकडे आलं. एका सकाळी ती माझ्याकडे आली, जरा संकोचून, आणि म्हणाली की सरावाच्या बाहुलीवर शिकवून काही होत नाही. बाहुली बोलत नाही, घाबरत नाही, दचकत नाही. कुणीतरी जिवंत माणूस स्टुलावर बसायला हवं.

मी विचारलं, मलाच का. ती म्हणाली, इथं सगळ्यात जास्त लाजणाऱ्या तुम्हीच. तुम्हाला नीट जमलं तर त्यांना कुणालाही जमेल.

म्हणून आता मी बुधवारी सकाळी न्हाणीघरात बसते. अंगावर लुगड्याचा तुकडा, खाली घट्ट स्टूल, समोर दोन मुली कोपरं बादलीत बुडवून वाकलेल्या. त्यातली एक पाणी टाकायच्या आधी सांगायला विसरली, तर मी माझा वर्गातला आवाज काढते. परवा त्यातली धाकटी इतकी दचकली की हातातला मग तिनं स्वतःच्याच पायावर ओतला. तो तिनं पुन्हा भरला, माझ्यासमोर येऊन वाकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आता खांद्यावर टाकून राह्यली." पाणी अगदी बेतशीर होतं.